फर्नेस नवी, वारं गारच : ट्रेलरमधला बिघाड कसा शोधायचा

रात्री तीनच्या सुमाराला बायकोनं कोपरानं ढोसलं. “अहो, पंखा चालू आहे, पण वारं गार येतंय.”

कॉलोरॅडोत वॉल्डनच्या अलीकडं, कॅमरन पास या खिंडीच्या पलीकडच्या उतारावर आमचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागं ओढायचं छोटं घर, उभा होता. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, ॲस्पेनची पानं पिवळी पडलेली, बाहेर उणे सहा. फोर्ट कॉलिन्सहून निघून पूडर नदीच्या कडेकडेनं चढत, १०,२७६ फुटांचा पास ओलांडून आम्ही दुपारी तिथं पोचलो होतो. विजेची जोडणी नसलेली जागा मुद्दाम घेतली होती, शांतता मिळते म्हणून. फर्नेस, म्हणजे ट्रेलर गरम ठेवणारी गॅसची भट्टी, बारा दिवसांपूर्वी मी स्वतः बसवलेली, कोरी करकरीत, २०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप). घरासमोर चार संध्याकाळी चालवून बघितली होती, एकदाही कुरकुर नाही. आणि डोंगरावर पहिल्याच रात्री हे.

उरलेली रात्र दोन सोलापुरी चादरी आणि थोडा अबोला यांवर निघाली. सकाळ होईपर्यंत मी मनातल्या मनात नवा सर्किट बोर्ड मागवूनही टाकला होता. प्रत्यक्षात मागवला असता तर शे-दीडशे डॉलर गेले असते आणि वारं गारच राहिलं असतं.

माझे वडील, आप्पा, इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते. बंद पडलेला माग चालू करून द्यायचा, हे जॉबरचं काम. माग थांबला की आप्पा लगेच पान्याला हात घालत नसत. “अरं, आधी बघ, कुठवर चालला नि कुठं थांबला. पाना काय पळून जातोय व्हय?” फर्नेसला हे जसंच्या तसं लागू पडतं, कारण फर्नेसही टप्प्याटप्प्यानं चालते. आधीच्यानं होकार दिल्याशिवाय पुढचा हलत नाही. म्हणून पहिलं काम पेचकस शोधायचं नाही. फर्नेससमोर मांडी घालून बसायचं, थर्मोस्टॅट वर करायला दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं आणि नुसतं ऐकायचं.

काय ऐकू यायला हवं?

थर्मोस्टॅट म्हणजे एक साधं बटण. खोली गार झाली की तो दोन तारा जोडतो. मग पंखा सुरू होतो, काही फर्नेसमध्ये लगेच, काहींत थोडं थांबून. पंख्यानं पुरेसा वेग घेतला की त्याच्या वाऱ्यानं एक हलकी पाती ढकलली जाते आणि सेल स्विच जोडला जातो. सेल म्हणजे बॅटरीचा सेल नव्हे, गलबताचं शीड. मीही सुरुवातीला बॅटरीच शोधत होतो. त्याच मार्गावर लिमिट स्विच असतो. तो एरवी जोडलेलाच असतो, भट्टी फार तापली तरच सुटतो. हे दोन्ही जोडलेले असले तर बोर्डाला, म्हणजे पेटवणी सांभाळणाऱ्या सर्किट बोर्डाला, वीज पोचते. बोर्ड साधारण पंधरा सेकंद नुसता पंखा चालू ठेवतो, आत साचलेला गॅस असेल तर बाहेर जावा म्हणून. मग गॅसच्या व्हॉल्वचा ‘टक’, लगोलग ठिणगीची ‘टिकटिकटिक’, आणि मग पेट घेतल्याचा मऊ ‘भुस्स’. ज्योत दिसली नाही तर बोर्ड काही सेकंदांत गॅस बंद करतो. बरेच बोर्ड तीनदा प्रयत्न करतात आणि मग हात वर करतात. थर्मोस्टॅट खाली करून पुन्हा वर केला की मोजणी नव्यानं सुरू होते.

शेवटी थर्मोस्टॅट तृप्त झाला की ज्योत विझते, पण पंखा आणखी थोडा वेळ फिरतो. तो दोष नाही, भट्टीतली उरलेली धग तो बाहेर काढतो. ज्योत विझल्यावर पंखा का चालू, या शंकेनं लोक नवी फर्नेस परत करायला निघालेले मी पाहिलेत.

या साखळीतला शेवटचा ऐकू आलेला आवाज कोणता, हे कागदावर लिहा. बिघाड त्याच्या पुढच्या टप्प्यात आहे. आमच्या रात्रीचा शेवटचा आवाज पंख्याचा होता. टक नाही, टिकटिक नाही. म्हणजे गॅस, ठिणगी, ठिणगी पाडणारं टोक (इलेक्ट्रोड) या सगळ्यांना तिथल्या तिथं निर्दोष सोडायला हरकत नव्हती. बायकोचा अंदाज होता की थंडीनं गॅस गोठला असेल. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण असतं आणि ब्यूटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचं नाकारतं, त्यामुळं तिचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. पण अमेरिकेत ट्रेलरच्या सिलिंडरमध्ये बहुतांश प्रोपेनच असतो, आणि तो उणे ४२ सेल्सिअसला उकळतो. उणे सहा त्याला उन्हाळाच.

पुढं जाण्याआधी गॅसबद्दल एकदाच

गॅसचा वास आला तर शोध तिथंच संपला. सिलिंडर बंद, दारं-खिडक्या उघड्या, कुठलंही बटण दाबायचं नाही, सगळ्यांनी बाहेर. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यानं तो जमिनीलगत साचतो. गॅसचा अलार्म म्हणूनच पायाशी बसवलेला असतो.

नव्या जोडणीचा प्रत्येक सांधा फेसानं तपासा. त्यासाठी गळती तपासायचं तयार द्रावण वापरा. भांड्याचा साबण चालेल असं सगळे म्हणतात, पण अमोनिया किंवा क्लोरीन असलेलं काहीही पितळेला लावू नका, कालांतरानं त्याला चिरा पडतात. तांब्याच्या नळीचा फ्लेअर सांधा, म्हणजे नळीचं तोंड पसरवून केलेला, धातूवर धातू बसून घट्ट होतो, त्यावर टेप किंवा लुकण लावायचं नसतं. आट्यांच्या सांध्याला मात्र गॅससाठीचं लुकण लागतं. आणि नेहमी दोन पाने वापरा, एकानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं. एकाच पान्यानं जोर लावलात तर नळी पिळवटते आणि गळती दुसऱ्याच टोकाला सुरू होते.

दुसरी भीती कार्बन मोनॉक्साइडची, त्याला वासही नाही. त्याचा अलार्म चालू आहे का हे बटण दाबून बघता येतं, पण मागं छापलेली तारीखही बघा, या अलार्मचं आयुष्य पाच ते दहा वर्षांचंच असतं. आमचा ट्रेलर २००६ चा आणि अलार्मही २००६ चाच. फर्नेस नवी बसवताना त्याच्याकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. पहिल्यांदा फर्नेस पेटवली तेव्हा नव्या भट्टीवरचं तेल जळून धूर झाला, धुराचा अलार्म किंचाळला, म्हणून मी वर बघितलं आणि शेजारचा हा म्हातारा दिसला. (तो धूर पहिल्या वेळी होतोच. पहिली पेटवणी सगळी दारं उघडून, दिवसा करा.)

काहीच झालं नाही तर

पंखासुद्धा फिरला नाही तर फार विचार करू नका. फर्नेसकडं येणाऱ्या थर्मोस्टॅटच्या दोन तारा तिथंच एकमेकींना जोडून बघा. पंखा सुरू झाला तर दोष थर्मोस्टॅटचा किंवा त्याच्या तारेचा. नाही झाला तर फ्यूज बघा, आणि फर्नेसच्या अंगावर बऱ्याचदा एक छोटं बटण असतं ते बघा. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अर्धा दिवस तारा उकरल्या आणि मग ते बटण सापडलं. ते गृहस्थ कोण, हे विचारू नका.

पंखा फिरतो, पुढं काही नाही

नव्या बसवलेल्या फर्नेसचं हे सर्वांत नेहमीचं दुखणं. इथं संशयित तीन : पंखा उलटा फिरतोय, पंखा हळू फिरतोय, किंवा सेल स्विचच अडकलाय. बोर्डाचा नंबर त्यांच्यानंतर.

उलट्या पंख्याचं कारण तारांचे रंग. माझ्या फर्नेसला लाल तार धन, पिवळी ऋण आणि दोन निळ्या थर्मोस्टॅटच्या. तुमच्या फर्नेसचे रंग तिच्या पुस्तिकेवरून पक्के करा. खरी गंमत ट्रेलरच्या बाजूला आहे. मोटारीवर काम करून सवय झालेल्या माणसाला काळी तार दिसली की हात आपोआप ऋणाकडं जातो. कित्येक ट्रेलरमध्ये मात्र बारा व्होल्टची धन तार काळी असते आणि ऋण तार पांढरी. उलटं जोडलंत तर पंखा उलटा फिरतो. आवाज जवळजवळ तोच, वाराही थोडाफार लागतो, पण सेल स्विच ढकलण्याइतका जोर त्यात नसतो. म्हणून जोडण्यापूर्वी व्होल्ट मोजायचा मीटर लावा. रंगावर विश्वास ठेवायचा तो साडी घेताना.

अडकलेला सेल स्विच जुन्या फर्नेसमध्ये कुत्र्याच्या केसांमुळं होतो आणि नव्या फर्नेसमध्ये आपल्याच लाकडाच्या भुशामुळं. फर्नेस आत बसवून झाल्यावर फळी कापली असेल, छिद्रं पाडली असतील, तर तो भुसा पंख्यानं ओढून घेतलेला असतो. पाती बोटानं अलगद हलवून बघा. ती स्वतःहून परत आली पाहिजे आणि बारीक टिचकी ऐकू आली पाहिजे.

सेल स्विच मागाच्या फोर्कसारखा आहे. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा असेल तरच फोर्क उचलला जातो. धागा तुटला किंवा कांडी संपली की माग आपोआप थांबतो. फोर्क कापड विणत नाही, नुसती खात्री करून घेतो. म्हणून तो बांधून ठेवणारा कामगार आप्पांच्या शिव्या खायचा. सेल स्विच तारेनं जोडून ‘चालतंय की’ म्हणणारेही असतात. तसं करू नका. पंखा बंद पडला आणि ज्योत चालू राहिली तर भट्टी लाल होईपर्यंत तापू शकते. तपासायला त्याची गरजही नाही. पंखा फिरत असताना मीटरची दोन टोकं स्विचच्या दोन पायांना लावा. स्विच जोडलेला असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. दहा-बारा व्होल्ट दाखवले तर स्विच उघडा आहे. लिमिट स्विचलाही हीच परीक्षा.

माझा सेल स्विच उघडा होता. पाती मोकळी, भुसा नाही, तारा बरोबर. मग राहिला हळू पंखा.

इथं मी तासभर वाया घालवला, म्हणून जरा सावकाश सांगतो. फर्नेसजवळ लाल आणि पिवळ्या तारेवर मीटर लावला : १२.४ व्होल्ट. पुस्तिकेत लिहिलं होतं, किमान १०.५ हवेत. म्हणजे वीज भरपूर, असं मी ठरवून टाकलं. चूक इतकीच की मापताना पंखा बंद होता. रबरी नळीचं तोंड दाबून धरलं की नळी टच्च फुगते, नळात पाणी कितीही बारीक येत असलं तरी. तोंड सोडलं की खरं कळतं. विजेचंही तसंच, प्रवाह वाहत नसेल तर खराब सांध्यावर दाब कमी होतच नाही आणि मीटर बॅटरीचाच आकडा दाखवतो.

मग थर्मोस्टॅट वर करून पंखा फिरता ठेवला आणि तिथंच पुन्हा मापलं. १०.२. बॅटरीच्या टोकांवर त्याच वेळी १२.३. मधल्या मधे दोन व्होल्टांहून जास्त कुणीतरी खात होतं.

कोण, हे शोधायला एक लांब तार लागते. माझ्याकडं जुन्या स्पीकरची तार होती. तिचं एक टोक बॅटरीच्या धन टोकाला लावलं, तार खिडकीतून आत आणली आणि तिचं दुसरं टोक मीटरच्या एका पायाला जोडलं. मीटरचा दुसरा पाय फर्नेसच्या लाल तारेवर. पंखा चालू. मीटर म्हणाला ०.२. एवढं चालतं, पंधरा-वीस फूट तारेत तेवढं जाणारच. मग तीच तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि मीटरचा पाय पिवळ्या तारेवर : १.९.

सगळे जण धन बाजू तपासतात. बिघाड ऋण बाजूला बसला होता. फर्नेसपासून वीतभर अंतरावर पिवळ्या तारेचा निळ्या प्लास्टिकचा दाबून बसवलेला जोड होता. जुन्या फर्नेसच्या काळातला, मीच ‘चांगला दिसतोय’ म्हणून ठेवलेला. हात लावला तर कोमट. पंखा सुमारे ३ ॲम्पिअर ओढतो. ३ गुणिले १.९ म्हणजे जवळपास ६ वॉट त्या हरभऱ्याएवढ्या जोडात जिरत होते. उणे सहाच्या रात्री आमच्या ट्रेलरमध्ये ऊब देणारी तेवढी एकच वस्तू होती म्हणायची. कापून उघडला तर आत हिरवा गंज चढलेलं तांबं, आणि अर्ध्या तारा तुटलेल्या.

घरी ती कशी चालत होती, याचंही उत्तर मिळालं. घरी ट्रेलर विजेला जोडलेला असतो, घरच्या विजेपासून बॅटरीजोगी वीज करणारा कन्व्हर्टर १३.६ व्होल्ट देतो. त्यातून २.१ गेले तरी ११.५ उरतात, पंखा झकास फिरतो. डोंगरावर संध्याकाळी गाडीनं नुकतीच भरलेली बॅटरी १२.८ च्या आसपास असणार, तेव्हा कसंबसं जमलं. रात्री तीनला बॅटरी थोडी उतरली, थंडीनं आणखी आखडली, आणि पंखा सेल स्विचला ढकलू शकेना. दोष पहिल्या दिवसापासून होता, घरच्या विजेनं तो झाकला होता.

जुना जोड कापून स्वच्छ तांब्यापर्यंत तार सोलली आणि नवा जोड बसवला. दाबायला त्यासाठीचीच पक्कड वापरा, साध्या पकडीनं चेपलेला जोड वर्षभरात परत तुमच्याकडं येतो. वर आतून गोंद असलेली आकसणारी नळी तापवून बसवली. पंखा चालू करून मापलं : ऋण बाजूला ०.१. फर्नेसजवळ १२.० आणि बाराव्या-तेराव्या मिनिटाला बायकोनं चादर बाजूला केली.

टिकटिक येते, ज्योत येत नाही

तुमची साखळी इथं तुटत असेल तर वीज सोडा, गॅसकडं या. नव्या जोडणीत नळीत हवा भरलेली असते. आधी चूल पेटवा आणि निळी ज्योत स्थिर होईपर्यंत चालू ठेवा. मग फर्नेसला दोन-तीन फेऱ्या द्या. दर फेरीनंतर पाच मिनिटं थांबा, न जळलेला गॅस निघून जाऊ द्या.

सिलिंडरचा नॉब भसकन उघडायची सवय असेल तर ती मोडा. इथल्या सिलिंडरच्या जोडणीत, नळी तुटली तर गॅसचा लोंढा अडवणारी एक अडसर-व्यवस्था असते. एकदम उघडलं तर तिला वाटतं नळी तुटली, आणि ती गॅस चिमटीत धरते. चूल मिणमिणती चालते, फर्नेस मात्र पेटत नाही. सिलिंडर बंद करा, चुलीचाही नॉब बंद, एक-दोन मिनिटं थांबा आणि मग अगदी हळू उघडा.

तरीही नाही, तर गॅसचा दाब मापायचा. ट्रेलरमधला दाब ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका हवा, म्हणजे २८ सेंटीमीटर. भारतातल्या घरगुती शेगडीचाही साधारण तीस सेंटीमीटर असतो. तयार मापक मिळतो, पण पारदर्शक प्लास्टिकची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी फळीवर ठोकून त्यात रंगीत पाणी भरलं तरी तोच मापक झाला. लक्षात ठेवायची गोष्ट एकच : दोन बाजूंच्या पातळ्यांमधला फरक मोजायचा, एका बाजूला पाणी किती चढलं ते नाही. नाही तर निम्माच आकडा येईल आणि चांगला रेग्युलेटर तुम्ही टाकून द्याल. नळी फर्नेसच्या गॅस व्हॉल्वच्या तपासणी छिद्राला जोडा, चुलीच्या बर्नरला नको. बऱ्याच चुलींना स्वतःचा वेगळा छोटा रेग्युलेटर असतो आणि तो वेगळा आकडा दाखवतो. आणि मापताना चूल चालू ठेवा, कारण मघाचा नळीचा नियम गॅसलाही लागू आहे. हे छिद्र उघडायची खात्री वाटत नसेल तर इथं ट्रेलरच्या मेकॅनिकला बोलवा. मीही त्या दिवशी ते उघडलं नाही, गरजच पडली नाही.

दाब बरोबर असेल तर ठिणगीचं टोक आणि बर्नर यांतलं अंतर बघा, ते सुमारे ३ मिलिमीटर हवं. वाहतुकीत किंवा बसवताना टोक वाकतं. ज्योत येते आणि चार-सहा सेकंदांत विझते, अशी तऱ्हा असेल तर बोर्डाला ज्योत ‘दिसत’ नाहीये. बऱ्याच फर्नेसमध्ये तेच टोक ज्योत ओळखतं, म्हणून त्याची तार सैल आहे का आणि फर्नेसची ऋण जोडणी पक्की आहे का हे बघा. पेटताना ‘भुस्स’ऐवजी ‘धप्प’ असा दणका येत असेल तर पुन्हा पेटवू नका.

पेटते, मग विझते, पंखा फिरतच राहतो

गारठ्याचं कोडं सुटलं म्हणून आम्ही खुशीत होतो. दुसऱ्या रात्री नवीन तऱ्हा. फर्नेस पेटायची, पाच-सहा मिनिटं छान ऊब, मग ज्योत गुल. पंखा चालूच. थोड्या वेळानं टक, टिकटिक, भुस्स, पुन्हा ऊब. रात्रभर हा खेळ.

पुन्हा साखळी. सगळे आवाज येतात म्हणजे वीज, गॅस, ठिणगी ठीक. मधूनच तोडणारा एकच उरतो, लिमिट स्विच. आणि तो तोडतो म्हणजे भट्टीची धग बाहेर जात नाही, आत कोंडते. लिमिट स्विच बदलायचा मोह होतो. होऊ देऊ नका, तो बिचारा आपलं काम करतोय.

धग जाते डक्टच्या, म्हणजे गरम हवा वाहून नेणाऱ्या, नळ्यांतून. चार इंची गोल नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंच. अशा किती नळ्या लागतील, हे फर्नेसच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, माझ्या फर्नेसला तीन. मी तीन जोडल्याही होत्या. पण नव्या फर्नेसचं एक तोंड जुनीपेक्षा चार बोटं खाली होतं, आणि ती नळी मी ओट्याखालच्या ड्रॉवरच्या मागून वळवली होती. ड्रॉवर उघडा असताना वळवली होती. तो बंद केला की त्याची पाठ नळीवर बसायची आणि नळी भाकरीसारखी चपटी व्हायची. दुसरी नळी पलंगाखाली गरजेपेक्षा चार फूट जास्त लांब, गुंडाळी करून कोंबलेली. ‘असू दे, पुढं उपयोगी पडेल’ हा आपला स्वभाव. अशा नळीत सुरकुत्या आणि वळणं जेवढी जास्त, तेवढा वारा अडतो. तिसरीच्या जाळीवर आमची बॅग ठेवलेली.

शिवाय परतीच्या हवेची वाट. फर्नेस जेवढी हवा फेकते तेवढी तिला आत मिळायला हवी. ज्या कपाटात फर्नेस असते तिथली मोकळी जागा पाहून हात शिवशिवतात, आम्ही तिथं तांदळाची पिशवी आणि खुर्च्या ठेवल्या होत्या. ती जागा सामानाची नाही.

नळी ड्रॉवरपासून दूर वळवून पट्टीनं बांधली, पलंगाखालची ताणून जास्तीची कापली, बॅग आणि तांदूळ हलवले. मग घड्याळ लावून बसलो : ज्योत सलग २२ मिनिटं, आणि मग विझली ती थर्मोस्टॅटच्या सांगण्यावरून.

बाहेरून एक फेरी

जळलेला धूर बाहेरच्या झाकणातून जातो आणि जळायला लागणारी हवाही तिथूनच येते. नवी फर्नेस जुनीपेक्षा थोडी आत-बाहेर बसली तर झाकणाची नळी फर्नेसच्या तोंडात पुरेशी शिरत नाही. मग धूर पुन्हा आत ओढला जातो, ज्योत पिवळी आणि सुस्त होते, भिंतीवर काजळी दिसू लागते. सर्वांत वाईट म्हणजे तो ट्रेलरमध्ये शिरू शकतो. किती शिरायला हवी ते पुस्तिकेत असतं, पट्टीनं मोजा, अंदाज नको. काजळी दिसली तर फर्नेस बंद. कुंभारमाशी आत मातीचं घर करते म्हणून लोक तिथं जाळी बसवतात, पण हवा अडते म्हणून काही उत्पादक जाळीला मनाई करतात, आधी वाचा.

घरी परतल्यावर जी परीक्षा मी आधीच घ्यायला हवी होती ती घेतली. ट्रेलरची वीज तोडली, बॅटरी मुद्दाम रात्रभर दिव्यांवर उतरवली आणि पहाटे, सर्वांत गार वेळी, सगळे ड्रॉवर बंद करून, सगळं सामान जागेवर ठेवून फर्नेसच्या तीन पूर्ण फेऱ्या चालवल्या. ट्रेलर विजेला जोडून, रिकामा आणि दुपारी तपासलात तर फर्नेस नेहमी पासच होणार.

आप्पा मागाच्या चौकटीवर खडूनं तारखा लिहायचे. मी फर्नेसच्या कपाटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवलंय : पंखा चालू असताना बॅटरी १२.३, फर्नेसजवळ १२.०, धन बाजू ०.२, ऋण बाजू ०.१, ज्योत सलग २२ मिनिटं. दर ऑक्टोबरला तेच आकडे पुन्हा घेतो. यंदा ऋण बाजू ०.१ च आहे, धन बाजू ०.३ झालीये. फ्यूजची खाच थोडी काळवंडली होती, ती घासून घेतली.